पाण्याचं ओझं

आवडाबाई लग्न होऊन डोंबिवलीच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात आली, त्याच दिवशी तिच्या हातून माहेरची तांब्याची कळशी विहिरीत निसटली. सासू तोंड उघडणार, तेवढ्यात नवरा म्हणाला, "र्‍हाव दे गो. विहिरीला आहेर झाला." त्या एका वाक्यावर बाईने अख्खा संसार केला. नवरा गेला, तरी कळशी काढायला तिने कुणाला गळ टाकू दिला नाही.

पुढे आजूबाजूला इमारती उठल्या, जिकडेतिकडे बोअर मारल्या गेल्या आणि विहीर आटली. तळाच्या भेगाळलेल्या गाळात कळशी उघडी पडली. आवडाबाई सकाळी चहाचा कप घेऊन कठड्यावर बसायची आणि तिच्याकडे बघत राहायची. बघता बघता तिचा डोळा लागायचा. स्वप्नात विहीर काठोकाठ भरलेली असायची आणि नवरा आत पाय सोडून बसलेला असायचा. बोलायचा काही नाही, नुसते पाय हलवायचा.

मुलाला, चंदूला, तिथे दोन गाड्यांची जागा दिसायची. तसा तो वाईट नव्हे, पण गाडी घेतल्यापासून त्याला देवळाच्या अंगणातही पार्किंगच दिसतं, त्याला काय करणार! "शिमग्यापर्यंत थांबतंय," तो म्हणाला. "तवर पानी आला नाय, तर डबर टाकून बुजवतंय."

नातू दर्शन पालिकेच्या सांडपाणी केंद्रावर कामाला होता. केंद्र वाड्याच्या वरच्या अंगाला, जवळच. तो एकदा म्हणाला, "आजे, आता आम्ही तो पानी साफ करून जमिनीत मुरवतो. विहिरीला लागेल बघ. शेवटी त्यात ओझोन सोडतो."

"ओझा?"

"ओझोन गो! हवेसारखा असतो. घाण वास, जंतू, सगला संपवतो."

"पन आधी तो गटारच ना? माज्या कलशीवर गटार सोडलंस, तर घरात पाय ठेवू नको!"

दर्शन हसला आणि दुसऱ्या दिवशी तिला केंद्रावरच घेऊन गेला. टाकीच्या काचेमागे पाणी बारीक बुडबुड्यांनी दुधाळ होत होतं आणि पुढच्या टाकीत निवळून शांत उभं राहत होतं. वीज चमकून गेल्यावर येतो तसला वास हवेत होता. आवडाबाई काचेला कपाळ टेकून उभी राहिली. जन्मभर तिने डोक्यावर मासळीची पाटी वाहिली होती. पाटी उतरवल्यावर मानेला कसं वाटतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"कुनाकुनाचा काय काय वाहून आलाय बिचारा," ती म्हणाली. "इथं उतरवतो. ओझाच तो. नाव बरोबर हाय."

दर्शनने मग तिचा शब्द दुरुस्त केला नाही. वाड्यात आजही ओझोनला ओझंच म्हणतात.

थंडी सरता सरता तळाच्या भेगा मिटल्या, गाळ काळसर झाला. पण गाळ म्हणजे पाणी नव्हे, आणि चंदूने डबराचा टेम्पो सांगून ठेवला होता. तेवढ्यात शिमगा आला. पाहुण्यांच्या गडबडीत आवडाबाईला विहिरीकडे फिरकायला जमलं नाही. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन गेली, खाली डोकावली आणि कप तिथेच टाकून ओरडली.

"कलशी नाय! चंद्या, मेल्या, भंगारात घातलीस माजी कलशी!"

चंदू डोळे चोळत धावत आला. तोंडावरचा रंग अजून तसाच होता. "आये, तुझी शपथ, मी हात नाय लावला," म्हणत तो कठड्यावरून वाकला. खाली आभाळ होतं. आभाळात त्याचंच लालहिरवं तोंड.

त्याने एक खडा आत टाकला. डुबुक!

तोंड फुटलं आणि हळूहळू पुन्हा जुळलं.

आवडाबाई तिथेच बसली आणि पोटभर रडली. चंदूने तिच्याकडे बघत टेम्पोवाल्याला फोन लावला आणि येऊ नको म्हणून सांगितलं.

मग म्हातारी सावकाश कठड्यावर चढली, विहिरीत पाय सोडून बसली आणि पाय हलवू लागली. चंदूने मागून तिचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता.