गाडीतलं विस्तवाचं घमेलं

तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, तुऱ्हाट्यांच्या शेकोटीचा वास आला की मला गाडीतलं ते घमेलं आठवतं. बायकोला दमा होता, अन् पौषातल्या एका सकाळी तिला जालन्याला डॉक्टरकडं न्यायचं होतं. आमची गाडी जुनी, इंजन तापल्याबिगर तिचा हीटर गार वाराच फेकायचा. मंग मी डोकं चालवलं. घमेल्यात तुऱ्हाट्यांचा विस्तव घेतला, तिच्या सीटपुढं ठेवला अन् काचा बंद केल्या. दहा मिनिटांत गाडी ऊबदार झाली. घमेलं बाहेर काढून मी तिला बसवलं. वाटंत ती खोकू लागली. म्हणली, "अहो, काच उघडा जरा, धूर राह्यलाय आत." मी म्हणलो, "गप बस, थंडी शिरंल. एवढी जल्दी ऊब कुणाच्या मोटारीत भेटती का?" ती हासली अन् नाकाला पदर लावून बसली. दवाखान्यात पोचलो तेव्हा तिची छाती शिट्टीसारखी वाजत होती. डॉक्टर भडकले, "आजी, धुरात बसल्या होत्या ना?" मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली, "चुलीपाशी बसले होते, साहेब." डॉक्टरनं तिला माझ्यादेखत झापलं, अन् मी वरून म्हणलो, "बिलकुल ऐकत न्हाई ती." परतताना ती एवढंच म्हणली, "डॉक्टर तुम्हाला बोलले असते तर दिवसभर जेवले नसते तुम्ही." आता तिला जाऊन वर्ष झालं. आईनं चुलीपायी छाती घालवली, असं पोरं आजबी म्हणतात, अन् मी मान हालवतो.