ओळख देणाऱ्याची सही

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका संताप मला आजवर कुणीही आणलेला नाही, आणि हे हिंजवडीच्या रहदारीत वीस वर्षं काढलेला माणूस म्हणतो आहे. एरंडवण्यातल्या त्या इमारतीत आम्ही त्यांच्या अगदी वरच्या मजल्यावर राहायचो. काका एका बँकेतून निवृत्त झालेले. उभ्या नोकरीत त्यांनी एकच काम केलं, चेकवरची सही आणि बँकेतल्या कार्डावरची सही जुळते का ते बघणं. त्यामुळे नोकरी सुटली तरी हातातलं भिंग सुटलं नाही. पेपरवाल्याची सही गेल्या महिन्यासारखी नाही म्हणून त्यांनी त्याला जिन्यात थांबवून दोनदा सही करायला लावली होती. नोकरीत असताना तर खुद्द काकूंचा चेक त्यांनी परत पाठवला होता. आडनावाची शेवटची रेघ पुरेशी खाली आली नव्हती. हे सांगताना काकू अजून पोळी जरा जोरात लाटतात. काकांना विचारावं तर म्हणणार, "बायको घरी. काउंटरवर खातेदार."

काकांचा कॉम्प्युटर त्यांच्याच वळणाचा. तो चालू करून चहा टाकला तर चहा आधी होई. मी दहादा सांगितलं, नवा घ्या.

"याला काय झालंय?"

"काका, कंपनीने याच्याकडे बघणं सोडलंय."

"मग कंपनीला सांगा. त्याला कशाला शिक्षा?"

इथे माझं डोकं फिरायचं, कारण काकांचं बरोबर असायचं. चांगलं चालणारं यंत्र आमचा सॉफ्टवेअरचा धंदा मारून टाकतो, आणि तेही न बोलता. इंटरनेटवरची साईट खरी की तोतया, हे कॉम्प्युटर स्वतः ठरवत नाही. त्याच्या पोटात काही मोठ्या संस्थांची यादी असते. त्यांच्या दाखल्यांना रूट सर्टिफिकेट म्हणतात. यादीतल्या कुणी एखाद्या साईटची ओळख दिली की कॉम्प्युटर दार उघडतो. या दाखल्यांना मुदत असते, जुने जातात, नवे येतात. नव्या कॉम्प्युटरला नवी नावं आपोआप कळतात, जुन्याला कळवायची तसदी कुणी घेत नाही. मग एक दिवस तो बिचारा कालपर्यंतच्या ओळखीच्या साईटला म्हणतो, तुम्ही कोण? लोकांना वाटतं कॉम्प्युटर बिघडला. बिघडलेला नसतो, त्याला वाळीत टाकलेलं असतं. मला याची चीड येते, आणि माझा पगार याच धंद्यातून येतो म्हणून जास्त येते.

काकांच्या कॉम्प्युटरने हे 'तुम्ही कोण' नेमकं बुद्धिबळाच्या साईटला विचारलं. काका त्यावर रोज एक चाल खेळत. समोरचा भिडू एकच, लोणी काळभोरचे निवृत्त मास्तर, काकांचे शाळेपासूनचे मित्र. पूर्वी हे दोघं फोनवर चाली सांगून खेळत. एकदा घोडा कुठल्या घरात सांगितला होता यावरून वाजलं आणि दोन वर्षं बोलणं बंद. तेव्हापासून तोंडी चाल नाही, असा कायदा. साईट बंद पडून आठ दिवस झाले तरी काकांनी हे कुणाला सांगितलं नाही. एका रविवारी दुपारी दोनला ते स्वतः आमच्या दारात आले. दुपारी एक ते चार काका घर पेटलं तरी उठत नाहीत, त्यामुळे माझी बायको घाबरलीच.

खाली गेलो तर मास्तरांचा फोन चालू होता. आवाज खोलीभर येत होता. "अरं, चाल का येईना? हाय का गेलास? उद्या सकाळी माझी छाती फाडणार हायत. पाचला दवाखान्यात भरती व्हायचंय, मग पोरगं फोन काढून घील. त्याच्या आत तुझी चाल बघून जातो म्हनलं."

"येईल," काका म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांचा हात फोनवरून निघेना.

मी म्हटलं, फोनवर सांगा. "तोंडी चाल नाही." माझ्या लॅपटॉपवरून खेळा. "परक्या यंत्रावर पासवर्ड घालत नाही." मित्राचं ऑपरेशन उद्या, आणि हा माणूस कलमं सांगतोय! मी तणतणत वर गेलो, नवं सर्टिफिकेट पेन ड्राइव्हवर घेतलं, लॅपटॉप काखेत मारला आणि खाली आलो. सर्टिफिकेट पडद्यावर उघडलं. काकांनी भिंग लावलं.

"कुणाला दिलंय आणि कुणी दिलंय, दोन्हीकडे एकच नाव?"

"काका, हे मूळ आहे. याच्या वर कुणी नसतं."

"म्हणजे अर्जदार हाच आणि साक्षीदारही हाच. आमच्याकडे शिपायानेच बाहेर काढला असता. खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागते. याला ओळख कोण देणार?"

"मी देतो!" मी ओरडलो. "मी! झालं समाधान?"

मला वाटलं होतं, वरमतील. त्यांनी कपाटातून लांब वही काढली, पट्टीने रकाने आखले आणि शेवटच्या रकान्यावर लिहिलं, 'ओळख देणारा'. एका कार्डावर माझ्या नमुन्याच्या तीन सह्या घेतल्या. घड्याळात साडेतीन.

सर्टिफिकेट आत घेताना त्या जुन्या यंत्राने एक सूचना दाखवली. याची खातरजमा मी करू शकत नाही, तुम्ही देणाऱ्याकडे चौकशी करा, ही खूण ताडून पाहा, असं काहीतरी. खाली चाळीस अक्षरांची खूण. मी सवयीने 'हो' दाबायला गेलो, तर काकांनी माउसच उचलला. "ताडून पाहा असं स्वच्छ लिहिलंय. तुम्ही लोक वाचत नाही?"

नाही वाचत. आमच्या ऑफिसात शेकडो हुशार माणसं आहेत, त्यातलं कुणीही वाचत नाही. मी लॅपटॉपवर त्या संस्थेची खूण शोधली आणि काका एकेक अक्षर मोठ्याने वाचू लागले. मधे एकदा चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. माझी कानशिलं तापली होती. चाळीसच्या चाळीस जुळली तेव्हा सव्वाचार झाले होते.

"सही करा."

मी रागाने पेन ओढलं. काकांनी भिंगाखाली आधी वही धरली, मग कार्ड, मग पुन्हा वही. मास्तर तिकडे लोणीत चपला घालत असतील.

"जुळत नाही," काका म्हणाले.

मी ताडकन उठलो. तोंडाला येईल ते बोलणार होतो. पण काकांनी भिंग टेबलावर ठेवलं, चष्मा पुसला आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "असू दे. माणूस ओळखीचा आहे." आणि स्वतःच्या बोटाने 'हो' दाबलं.

स्वयंपाकघराच्या दारातून काकूंचा आवाज आला, "आणि मी कोण होते हो तेव्हा?"

काका पडद्याकडे वळले. साईट उघडली होती. त्यांनी उंट दोन घरं सरकवला आणि हात मांडीवर ठेवून बसले. पाचला दहा मिनिटं असताना मास्तरांचं प्यादं पुढे आलं. काकांचे डोळे भरले होते. मी खिडकीतून रिक्षा बघत राहिलो.

मास्तर वाचले. सहाव्या दिवशी दवाखान्यातून त्यांची चाल आली आणि तिने काकांचा वजीर खाल्ला. काका इतके ओरडले की तिसऱ्या मजल्यापर्यंत लोक गॅलरीत आले. इतका आनंदी आरडाओरडा मी त्या इमारतीत पुन्हा ऐकला नाही.

आता आम्ही हिंजवडीला राहायला आलो आहोत. इथे पार्सलवाला फोन पुढे करतो आणि मी काचेवर बोटाने एक वाकडी रेघ ओढतो. ती माझी सही. माझ्याऐवजी कुणीही ओढली तरी चालते, कुणी बघतसुद्धा नाही. तेव्हा मला भिंगामागचा तो मोठा झालेला डोळा आठवतो. माझी सही इतक्या काळजीने आयुष्यात कुणी पाहिली नव्हती, आणि चुकली तरी मला कुणी इतक्या सहज ओळखलं नव्हतं.

काकांच्या कॉम्प्युटरच्या यादीतल्या एका दाखल्याची मुदत पुढच्या वर्षी संपते. वहीत तशी नोंद आहे, म्हणजे फोन येणारच. हल्ली मी अधूनमधून कोऱ्या कागदावर सही करून बघतो.