एका वेळी एकच सर्व्हिस

“एका नावाखाली धा-बारा सर्व्हिस चालतात, शेठ. नक्की कोण दमवतेय, ते एकेकीला थांबवून बघायला लागेल.”

पेणच्या एका गणपती कारखान्यात काका मालकांना समजावत होते. मी दाराशी बॅग धरून ऐकत होते. कॉम्प्युटरच्या आत न दिसता चालणाऱ्या अशाच एखाद्या प्रोग्रॅममुळे प्रोसेसर शंभर टक्क्यांवर अडकला होता.

काकांचं रोह्यात दुरुस्तीचं दुकान होतं. मी तिथे शिकत होते. स्क्रीनवरचं इंग्रजी मी झरझर वाचायचे, काका ओळीवर बोट ठेवून वाचायचे. एक सर्व्हिस थांबवली की पाच मिनिटं नुसते आकडा बघत बसत. फरक पडला नाही, तर ती आधी पुन्हा चालू करत, मगच पुढची. मी कंटाळले की म्हणत, “तिचा गुन्हा नाय ना? मग तिला कशाला बाहेर ठेवायची गो?”

असा संथ माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्या शेजारी बसून आपल्याला उगाच वाटतं, आपण हुशार.

त्या दिवशी काका फोन घ्यायला बाहेर गेले आणि मी चार सर्व्हिस एकदम, कायमच्या बंद केल्या. आकडा दहावर आला.

“सापडली?” काकांनी आत येत विचारलं.

“हो,” मी म्हटलं. चारांतली कोणती, ते मलाच माहीत नव्हतं.

“पोरगी माझ्यापेक्षा फास्ट हाय,” ते मालकांना म्हणाले. परतताना एसटीत गडब गाव येईपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर तेच कौतुक होतं.

चारांतली एक रोजचा बॅकअप घेणारी होती.

त्या वर्षीच्या गणपतीनंतर मालकांचे वडील वारले आणि महिन्याभरात त्या कॉम्प्युटरची डिस्क गेली. वडिलांनी घडवलेल्या शेवटच्या मूर्तींचे फोटो तिच्यातच होते. मूर्ती केव्हाच विसर्जित झालेल्या. बॅकअप थांबला होता आम्ही तिथे गेलो त्याच दिवशी.

“काका, तुमच्या भरवशावर होतो मी!” मालकांचा आवाज फाटला.

काकांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. “माझ्याकडून राहिलं, शेठ.”

हळूहळू पेणची कामं सुटली. काकांनी मला एका शब्दानं विचारलं नाही; उलट माझा चहा आधी मागवत. आज सांगू, उद्या सांगू, असं करत मी थंडीपर्यंत आले. आणि एका सकाळी काकांचं हृदय थांबलं.

निडीला त्यांच्या घरी गेले, तेव्हा मालकही भेटायला आले होते. ते काकूंना हळू आवाजात म्हणाले, “माणूस भला होता, वहिनी. कामात थोडा हलगर्जी, एवढंच.”

काकूंनी मान खाली घातली.

“हलगर्जी ते नव्हते,” मी म्हटलं. “ती सर्व्हिस मी बंद केली होती.”