गुरुवारचं रेकॉर्डिंग

विलास गेल्याचं मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. मोशीतल्या कुणीतरी फुलांच्या चौकटीत त्याचा फोटो टाकला होता. चौकटीत मावेना म्हणून गिटार कापली होती आणि खाली ‘थोर संगीतसम्राट’ असं लिहिलं होतं. विलास ते वाचून पोट धरून हसला असता. मला हसू आलं नाही. पहिला विचार आला तो हा, की आता त्याला खरं सांगायचं राहिलं ते राहिलंच… त्याला जाऊन आज सहा आठवडे झाले.

आमची ओळख चाकणच्या कंपनीतली. मी स्टोअरमध्ये, तो क्वालिटीत. त्याने दिवसभर माप लावून पीस पास किंवा रिजेक्ट करायचे आणि संध्याकाळी रॉक वाजवायचं. मोशीच्या जुन्या शेतकरी घरातला हा माणूस बँडमध्ये आहे म्हटलं की लोक त्याला लग्नाच्या तारखा सांगायचे. पस्तीस वर्षं तो एकाच बँडमध्ये लीड गिटार वाजवत राहिला. कॉलेजची गॅदरिंग, गणपती, आणि कंपन्यांचे वार्षिक दिन, जिथे साहेबांचं भाषण संपेपर्यंत बँडने स्टेजच्या कडेला शहाण्यासारखं उभं राहायचं असतं. टाळ्या गायकाला, नाव बँडचं. रिटायर झाल्यावर म्हणाला, “आता एक अल्बम माझा. गाणारा न्हाई, बाकी कुणी न्हाई.”

घरातल्या मागच्या खोलीत त्याने स्वतःच रेकॉर्डिंग केलं, वर्षभर खपून. शेजारी, जिथे पूर्वी त्यांचा गहू उभा असायचा, तिथे भावाने शेड बांधून भाड्याने दिली आहे. तिच्यात पत्रा दाबायची प्रेस चालते. काम झाल्यावर त्याने नऊच्या नऊ धुना सगळ्यांत आधी मला पाठवल्या. मी पुस्तकं वाचतो, अधूनमधून पुरवणीत लिहितो, म्हणजे मला कळतं, असा त्याचा ठाम गैरसमज होता.

मी त्या ऐकल्या नाहीत. म्हणजे पहिली लावली, दोनेक मिनिटं, हातात पुस्तक धरून. आठवड्याने त्याचा फोन आला, ऐकलं का राव म्हणून. ऐकलं म्हणालो. नुसतं ‘उत्तम’ म्हटलं असतं तर त्याला संशय आला असता, कारण खुशामतखोरांची मी आयुष्यभर टिंगल केलेली. तेव्हा ऐकल्याचा पुरावा म्हणून एक दोष काढला. मागे प्रेसचा ठोका येतोय, म्हटलं, गुरुवारी सगळे कारखाने बंद असतात, तेव्हा वाजवलं असतंस तर स्वच्छ आलं असतं. तो काहीतरी सांगायला लागला आणि थांबला. मग म्हणाला, “तुला खटकलं व्हय? मग रिजेक्ट. पुन्हा करू.”

दुसरा कुणी भांडला असता. पण जन्मभर दुसऱ्यांचा माल नापास केलेला माणूस, स्वतःचा नापास झाल्यावर वाद घालणं त्याला कमीपणाचं वाटलं असणार. सगळं पुन्हा, आणि तेही फक्त गुरुवारी. आता, कारखाने बंद म्हणून वीजवाले आपल्याकडे दुरुस्तीही गुरुवारीच काढतात. प्रेस बंद असायची तेव्हा लाइटही गेलेली असायची. इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेऊन हा लाइटची वाट बघत बसायचा. संध्याकाळी ती आली की कुणाच्या तरी हळदीचा डीजे सुरू व्हायचा. हे तो मला रंगवून सांगायचा आणि मी हसायचो. ‘सोड, पहिलंच बाहेर काढ,’ एवढं बोलायला मला चौदा महिने मिळाले होते. पण मग, का ते सांगावं लागलं असतं… पाच धुना पुन्हा झाल्या आणि एका सकाळी चहा पिता पिता तो गेला.

परवा त्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी बोलावलं. मुलीला अल्बम काढायचाय. नव्या पाच घ्यायच्या की जुन्या नऊ? “तुम्हीच सांगा भाऊजी. जुन्या तुम्ही नापास केल्या होत्या.”

तेव्हा मी सांगून टाकलं, की ऐकल्याच नव्हत्या. त्या रडल्या असत्या, बोलल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मागची खोली उघडली, त्याच्या खुर्चीत मला बसवलं आणि हेडफोन हातात दिला.

“मग आता ऐका. सगळं.”

माझा मोबाइल घेऊन त्या बाहेर गेल्या.

पहिल्या धुनेत ठोका आहेच. गिटार त्याच्यावरच चालते, त्याच्यासाठी जागा सोडते, मध्येच त्याला चिडवते. ड्रमर म्हणून विलासने शेजारची प्रेस घेतली होती. मी बंद केलं होतं त्याच्या मिनिटभर पुढे जेवणाची सुट्टी होते, प्रेस थांबते, आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तो एकटा वाजवतो. ती सुट्टी गाठायला त्याने किती दुपारी घड्याळ लावून सुरुवात केली असेल, कोण जाणे. वहिनींना काय सांगायचं ते तिथेच ठरलं. तरी बसून राहिलो, कारण त्या सगळं म्हणाल्या होत्या.

नववी संपते. तार थरथरत थांबते आणि मग खुर्ची करकरते. रेकॉर्डिंग बंद करायला तो उठला असणार. मी दचकून खाली पाहिलं. मी हललो नव्हतो.