भोवऱ्याच्या तोट्या

रोमन लोकांच्या स्नानगृहांविषयी मी बरंच वाचलेलं आहे. संगमरवर, गरम पाण्याचे हौद, हौदात बसून चाललेलं राजकारण. पण त्या हौदांना पाणी आणणाऱ्या नळ्या तुंबल्या की त्या कोण साफ करत होतं, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही. आमच्या घरातल्या हौदाच्या नळ्या मी साफ केल्या. निदान तेवढी तरी नोंद राहावी.

माझे वडील बोटीवर होते. रत्नागिरीत ‘बोटीवर आहेत’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कप्तानाची टोपी दिसते. वडील इंजिनरूममध्ये, म्हणजे बोटीच्या पोटात होते. तिथे तेल, वाफ आणि नळ्या. नळ्या खोलायच्या, खरवडायच्या, पुन्हा जोडायच्या. मग पांढरा रुमाल घेऊन साहेब यायचा. नळीच्या तोंडात रुमाल गुंडाळलेलं बोट घालून फिरवायचा आणि उजेडात धरून बघायचा. रुमालावर डाग दिसला की पहिल्यापासून सगळं पुन्हा. आंघोळ खाऱ्या पाण्याची, वरून तांब्याभर गोडं. त्यामुळे निवृत्त होताना वडिलांनी दोन गोष्टी ठरवल्या होत्या. गोड्या गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसायचं, आणि पुन्हा आयुष्यात कुठल्या नळीला हात लावायचा नाही. या दोन गोष्टी एका घरात नांदत नाहीत, हे आम्हाला मागाहून कळलं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे त्यांनी नवं घर बांधलं आणि परदेशातून टब मागवला. साधा नव्हे, पाणी घुसळणारा. मुंबईहून तो ट्रकने आला. ट्रकवाला फाटा चुकून सरळ पुढे गेला, त्यामुळे रत्नागिरीच्या आधी तो पाली आणि लांजा या गावांनी पाहिला. टब पांढराशुभ्र, आतल्या बाजूंना तोट्या. पंप लावला की टबातलंच पाणी ओढलं जाऊन तोट्यांतून हवेसकट उसळायचं. वडील त्या तोट्यांना जेट म्हणत. गल्लीने टबाचं नाव ‘भोवरा’ ठेवलं. आईने पाहताक्षणी ‘दोण’ म्हटलं. दोण म्हणजे गुरांना पाणी पाजायचं दगडी भांडं.

उद्घाटनाला मामा. आईचा हा थोरला भाऊ एका पतपेढीचा चेअरमन होता आणि बारा महिने सफारीत असे. उद्घाटनाशिवाय कुठल्याही वस्तूचा वापर सुरू होऊ शकतो, हे त्याला मान्य नव्हतं. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर नारळ ठेवून त्याने रीतसर गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, भावोजींच्या या टबाला यश दे.”

“टबाला कसलं यश?” आई मागून म्हणाली. “गळला नाही म्हणजे झालं.”

पहिल्याच दिवाळीला वडिलांनी जाहीर केलं की अभ्यंगस्नान टबात. आमच्याकडे नरकचतुर्दशीला तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, खोबरेल चोळायचं आणि उटणं लावून न्हायचं. पिढ्यान्‌पिढ्या हे तेल आणि उटणं मोरीतून माडाच्या मुळाशी गेलं. त्या वर्षी ते टबात गेलं. वडिलांनी पंप लावला, टबभर नागरमोथा आणि कचोऱ्याचा वास घुमला आणि आम्ही सगळे खूश झालो. ते तेल-उटणं पंपाने ओढून नळ्यांत नेऊन ठेवलं आहे, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. उभं आयुष्य नळ्यांत काढलेल्या माणसाच्याही नाही. आपल्या घरातली नळी ही नळी असते, हे माणसाला पटकन सुचत नाही.

पुढे उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला आणि पावसाळ्यात लाकडं ओली. एवढं पाणी तापवणार कोण? टब कोरडाच राहिला. नळ्या मात्र आतून कोरड्या नव्हत्या.

गणपतीत मामा कोल्हापूरच्या पाहुण्यांना घेऊन आला. त्याच्या मुलाचे होऊ घातलेले सासरे. “भावोजी, दाखवा जरा आपला टब,” असं म्हणताना ‘आपला’वर त्याने एवढा जोर दिला की पाहुण्यांना तो पतपेढीच्या मालकीचा वाटला असावा. वडिलांनी टब भरला, मांडीवर हात पुसले, बटण दाबलं. तोट्या खोकल्या. मग प्रत्येक तोटीतून काळी सालपटं बाहेर आली. पांढऱ्या टबात ती गरगरत राहिली आणि खवट वास सुटला.

कोल्हापूरचे पाहुणे आदराने म्हणाले, “औषधी पाणी हाय का?”

“होय,” वडील म्हणाले.

“संधिवाताला बरं पडत असंल.”

“हो. पडतं.”

पाहुणे गेल्यावर वडिलांनी न्हाणीघराला बाहेरून कडी घातली. त्यानंतर ते परसातल्या जुन्या मोरीवर तांब्याने आंघोळ करू लागले आणि घरात टबाचं नाव निघेनासं झालं. टब आल्यापासून हा माणूस रोज संध्याकाळी त्याच्या काठावर नुसता हात फिरवून यायचा. ते थांबलं. तेही मी पाहत होते.

“खोला की ते,” आई एकदा म्हणाली. “तुम्हाला काय नवं आहे?”

“जन्मभर दुसऱ्यांच्या नळ्या खरवडल्या,” वडील म्हणाले. “माझ्या घरी मी ते करणार नाही.”

“मग दिवाळीपर्यंत वाट बघते. नाहीतर दोण जाते गोठ्यात. म्हैस तरी मानाने पाणी पिईल.”

आई बोलली की करते. गड्याने गोठ्यात जागा सपाट करायला घेतली. वडील ओटीवर बसून ते बघत होते. मी तेव्हा एका शाळेत शिकवत होते. सहामाही परीक्षा संपली आणि सुट्टीच्या पहिल्या सकाळी मी पदर खोचून कडी काढली.

आईला दोण गोठ्यात हवी होती, पण घाण दिसली की तिला राहवत नाही. ती मागोमाग आली. “तेलाचं आणि उटण्याचं किटण ना? रिठा. दुसरं काही लागत नाही.” रिठ्याचं पाणी केसांचं तेल काढतं, तर नळ्यांचं का नाही काढणार? मलाही हे पटलं. आम्ही पातेलंभर काढा टबात ओतला आणि पंप लावला.

फेस आला. आधी टबाच्या काठापर्यंत आला, मग काठावरून खाली, मग आईच्या गुडघ्यांपर्यंत. “अगो, बंद कर, बंद कर!” आई ओरडली, पण बटण फेसाच्या पलीकडे कुठेतरी होतं. तेवढ्यात कॉरिडॉरमधून आवाज आला. तसा आवाज मी घरात पूर्वी कधी ऐकला नव्हता. तो इंजिनरूमचा असणार.

“पंप बंद! आधी पंप! मेन स्विच ओढ, बाय!”

मी ओढला. वडील दारात उभे होते. फेस त्यांच्या पावलांपाशी येऊन थांबला.

“यंत्रात फेस करतं का कुणी?” ते म्हणाले. “धुण्याचा सोडा घे. आणि पाणी उकळीचं. कोमट नको.”

“तुम्ही येताय का आत?” आईने विचारलं.

“नाही.”

आणि खरोखरच ते आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर पाट मांडून बसले आणि तिथून त्यांनी मला हुकूम सोडले. तोट्यांची तोंडं हाताने फिरवून निघतात, पक्कड लावू नकोस, ओरखडे पडतील. निघालेली तोंडं ओळीने ठेव, जिथली तिथेच बसली पाहिजेत. मी ती काढली. आत काळा, लिबलिबीत थर होता आणि त्याखाली आमच्या विहिरीच्या पाण्याचा तांबडा थर. माडाच्या हिरांना, म्हणजे झावळीच्या काड्यांना, फडकं गुंडाळून मी एकेका भोकात घातलं आणि फिरवलं. हाताला रग लागली की हात बदलला.

तोंडं आंबट बिंबल्यांच्या रसात घालायचं आईने सुचवलं. दिवाळीची पितळ घासायला तिने बिंबली काढून ठेवलीच होती. चिनीमातीच्या बरणीत तोट्यांची तोंडं आणि निरांजनं एकत्र बुडाली.

“फार वेळ नको,” उंबऱ्यावरून आवाज. “वरचं पाणी उतरेल.”

“माझी निरांजनं नाही उतरली ती एवढ्या वर्षांत.”

“ती पितळेची आहेत, यांच्यावर नुसता मुलामा आहे. काढ म्हणतो ना!”

आईने काढली. त्यांचं हे भांडण कितीतरी दिवसांनी ऐकलं आणि मला बरं वाटलं.

मग उकळत्या पाण्याचे हंडे आले. तोट्या बुडेपर्यंत टब भरला, सोडा विरघळवला, पंप लावला. आधी काही नाही. मग पाणी तपकिरी झालं, मग काळं. गेल्या वर्षीची अख्खी दिवाळी नळ्यांतून बाहेर आली. तिच्या वासात, अगदी तळाशी, अजून नागरमोथा होता. ते पाणी सोडलं, पुन्हा भरलं, पुन्हा पंप. निवळ येईपर्यंत हेच. दुपारचं जेवण राहिलं. शेवटच्या पाण्यात तळाची तोटी स्वच्छ दिसली तेव्हा माझी बोटं सोड्याने सुरकुतली होती, पाठ वाकल्या जागी राहिली होती, आणि मला पदवी मिळाली त्या दिवशीही वाटला नव्हता एवढा अभिमान वाटत होता. पदवीदान समारंभात झगा घातलेल्या एका माणसाने माझ्याकडे न बघता गुंडाळी दिली होती. इथे मी काय केलं ते डोळ्यांना दिसत होतं.

तोंडं पुसून मी बसवायला घेतली.

“थांब,” वडील म्हणाले.

ते उठले. खोलीत जाऊन आले. इस्त्री केलेला पांढरा रुमाल त्यांच्या हातात होता. उंबरा ओलांडून ते आत आले, धोतर सावरत टबापाशी बसले, बोटावर रुमाल गुंडाळला आणि पहिल्या भोकात घालून सावकाश फिरवला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. त्यांनी रुमाल खिडकीच्या उजेडात धरला. मग दुसरं भोक, मग तिसरं. टबाभोवती ते गुडघ्यांवर सरकत गेले, एकही भोक सोडलं नाही.

रुमाल पांढरा होता. त्यांनी तो दोनदा उलटून पाहिला, घडी घातली आणि खिशात ठेवला. साहेबाने त्यांना कधी ‘चांगलं झालं’ म्हटलं असेल असं वाटत नाही, त्यामुळे तो शब्द त्यांच्याजवळ नसावा. ते म्हणाले, “बसव आता.” आणि तोंडं बसवायला त्यांनी स्वतःचे हात लावले.

दिवाळीला नियम झाला. तेल-उटणं परसातल्या मोरीवर, अंग धुऊन मग टब, आणि वापरानंतर नळ्यांत पाणी उभं राहू द्यायचं नाही. कारीट फोडून वडील पहिले बसले, गळ्यापर्यंत. उजाडून गेलं तरी उठेनात.

फराळाला मामा आला आणि वडिलांना घेऊन थेट न्हाणीघरात गेला. नवी सफारी. “भावोजी, ऐकतो की भोवरा चालू झाला! लावा बघू पंप.”

वडिलांनी पंपाकडे पाहिलंही नाही. वाकून त्यांनी एका तोटीचं तोंड फिरवून काढलं आणि मामाच्या नाकासमोर धरलं. “आतून बघा.”

“आतून काय बघायचं?”

“आतूनच बघायचं असतं. बायने केलंय. बोटीवर एकाही साहेबाने परत पाठवलं नसतं.”

मामाने चष्मा चढवून बघितलं आणि आपल्याला काही समजलं आहे अशी मान हलवली. मी चकलीची ताटली घेऊन दारात उभी होते. ती पुढे करायची राहून गेली.

“ते सगळं ठीक,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “गोठ्यात जागा करून ठेवली आहे. आता म्हशीला दोण कुठून आणायची ते तुम्ही दोघं बघा.”