हुऱ्याचा चीक

लग्न होऊन मनोरहून तारापूरच्या खाडीकाठी आले, तेव्हा मला चिखलातली सगळी झाडं सारखीच दिसायची. पहिल्याच आठवड्यात थोरल्या जाऊबाईंनी मला सोबत नेऊन दाखवलं. ही तिवरं, भरतीचं खारं पाणी पिऊन जगणारी, आणि त्यांच्यामागे उभा तो हुरा. "त्याला हात नाय लावायचा. चीक डोळ्यात गेला तं आंधळी होशील."

पुढे मला मुलगी झाली आणि जाऊबाईंचं बिनसलं. त्यांना मूल नव्हतं. कशावरूनही माझ्यावर हात उचलायच्या आणि मीही काही गरीब गाय नव्हते.

एकदा ओहोटीला आम्ही दोघी वाळकी तिवरं आणायला गेलो. दोघींचे नवरे बोईसरच्या कारखान्यात, तीन महिन्यांची लेक घरी सासूबाईंजवळ. मी मोळी बांधत होते. जाऊबाई म्हणाल्या, "तुजी पोर काय जगत नाय." वर मोळीला लाथ घातली.

माझं डोकं फिरलं. हाताला येईल ती फांदी मोडली, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे हुऱ्यापर्यंत दहा पावलं चालत गेले होते. पांढरा चीक ठिबकत असतानाच ती फांदी त्यांच्या तोंडावर ओढली. तीनदा. पहिल्या फटक्याला मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्या किंचाळत चिखलात लोळल्या. डोळे चोळतील तसे जास्तच पेटत होते. मग मी घाबरले. त्यांनी माझे केस धरले ते सोडलेच नाहीत, तसंच त्यांना घरापर्यंत ओढत आणलं.

सासूबाई ओरडल्या, "बघते काय? तुजं दूध पाड डोळ्यात." हुऱ्यावर तिथे तेवढाच उपाय ठाऊक होता आणि आसपास अंगावर पाजणारी मी एकटीच. जाऊबाईंचं डोकं मांडीवर घेतलं, तर भीतीने दूध उतरेना. लेक शेजारी रडायला लागली, तेव्हा कुठे उतरलं.

"मुद्दाम केलंस?" सासूबाईंनी मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत जाऊबाई बोलल्या, "मनोरची हाय ती. तिला झाड काय ठाऊक?"

उजवा डोळा सुधारला, डावा गेला. त्यानंतर त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही. माझ्या लेकीला मात्र नेहमी उजव्या कडेवर घ्यायच्या, ती दिसावी म्हणून.