ड्युसेलडॉर्फ, ऱ्हाईन आणि ‘युबरनोमेन’

ड्युसेलडॉर्फला आम्ही गेलो ते हौसेनं नव्हे, भीतीनं. साल दोन हजार पाच. फ्रांकफुर्टजवळच्या एश्बॉर्नला मी एका जुन्या ब्रिटिश वर्तमानपत्राच्या कॉम्प्युटर विभागात होतो. पेपर विकला गेला आणि नव्या मालकांनी आम्हा सगळ्यांना ड्युसेलडॉर्फच्या ऑफिसात बोलावलं. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की लेकीची, सईची शाळा गेली, हे गणित मी रोज अंघोळीला उभा राहिलो की मांडायचो. बायको मृणाल म्हणाली, “अहो, शाळेला सुट्टी आहेच, आम्हीही येतो. एकटे गेलात तर वाटेतच हाय खाल.”

एश्बॉर्नहून एस-बान लोकलने फ्रांकफुर्ट, तिथून सुपरफास्ट आयसीई गाडी. तिकीट आधी काढा, आयत्या वेळी भलतंच महाग पडतं. बोगद्यांत कान दुखतात, म्हणून मुलांना चघळायला काहीतरी द्या. समोर उवे बसला होता, माझ्याच विभागातला, या पेपरात केस पिकवलेला जर्मन. त्यानं पेपरचं पुराणच लावलं. चहाच्या एका व्यापाऱ्यानं जहाजांच्या बातम्यांसाठी तो काढला. नातवंडं भांडली, तेव्हा एका लॉर्डनं घेतला. लॉर्डच्या पोरानं तो घोड्यांच्या शर्यतीत घालवला, मग कॅनडाचा खाणवाला आला. आता लंडनचा कुठलासा फंड.

“आल्झो, म्हणजे बघ, प्रत्येक मालक पहिल्या दिवशी म्हणतो, काहीही बदलणार नाही,” उवे म्हणाला.

“आणि मग?”

“मग माणसं बदलतात.”

मृणालनं घाईघाईनं डबा उघडून आम्हा दोघांच्या हातात बेसनाचे लाडू ठेवले. मी माझा परत डब्यात ठेवला.

मायलेकी नदीकाठी गेल्या आणि मी वर ऑफिसात. एकेकाला आत बोलावत होते. माझा नंबर आला. कोट घातलेल्या बाई हसून म्हणाल्या, “झी वेर्डन युबरनोमेन.” ऑफिसात आमचा कारभार इंग्रजीत, त्यामुळे माझं जर्मन यथातथाच. पण हा शब्द महिनाभर कानांवर आदळत होता: पेपर युबरनोमेन, म्हणजे गिळला. आता मीही गिळलो गेलो!  तरी ‘दांके’ म्हणून आभार मानले, आपले संस्कार.

जिन्यात उवे भेटला. “उंड दू? तुझं काय?”

“युबरनोमेन,” मी मान खाली घालून म्हणालो.

त्यानं माझा खांदा दाबला. “इश निश्ट. मी नाही.”

चला, निदान हा तरी वाचला! मी त्याचा हात धरून गदागदा हलवला. “ग्राटुलीरं, अभिनंदन, उवे!” तो ‘दांके’ म्हणून जिना उतरून गेला.

पोरीची सहल नासू नये म्हणून मृणालला म्हटलं, घरी गेल्यावर बोलू. जुन्या गावात रायबेकूखन जरूर खा, किसलेल्या बटाट्याची तळलेली थालीपिठंच, वर सफरचंदाचा गर. सईनं माझ्या वाटचंही खाल्लं. ऱ्हाईनकाठी फिरायला पैसे पडत नाहीत, काठावरच्या उंच टॉवरच्या लिफ्टला पडतात. वरच्या काचा बाहेर कललेल्या आहेत. पायाखाली थेट ऱ्हाईन दिसते. इथून उतरलो की पुण्यालाच जायचं, असं वाटत होतं.

संध्याकाळी घरी पोचल्यावर सगळं सांगितलं.  मृणाल जर्मनच्या क्लासला जाते. “अहो, पेपर युबरनोमेन म्हणजे विकत घेतला! माणूस युबरनोमेन म्हणजे कामावर ठेवला! नोकरी राहिलीय तुमची!”

“गेनाऊ, पापा, अगदी बरोबर,” सई म्हणाली.

मी सईला उचलून गरागरा फिरवलं. आणि मधेच थांबलो. इश निश्ट, उवे म्हणाला होता.

 लगेच त्याला फोन लावला. “उवे, तो शब्द मला…”

“जिन्यातच कळलं मला,” तो म्हणाला. “पण एवढ्या वर्षांत या पेपरात माझं अभिनंदन कुणी केलं नव्हतं.” तो हसला. मला हसता येईना.

ड्युसेलडॉर्फ सुंदर आहे, जरूर जा. आमचा व्हिसा राहिला, सईची शाळा राहिली. पण तेव्हापासून ऑफिसात कुणी ‘चांगली बातमी आहे’ म्हणालं की मी आधी विचारतो, “कुणासाठी?”